बिडाचा तवा आणि मामांचं लाईव्ह

"चिकटणार! पैली तीन चिकटणारच!" हातातलं उलथणं फोनपुढं नाचवत मामा ओरडायचे, आणि फोन धरून उभी असलेली मी कपाळावर हात मारून घ्यायची. तोही मनातल्या मनात. हात मोकळा कुठं होता?

आता तुम्हीच सांगा, तवा विकायला उभा राहिलेला माणूस असं बोलतो का? मामांचं शिवाजी पेठेत बिडाच्या भांड्यांचं दुकान. तवे, कढया, आप्पेपात्रं, सगळं शिरोलीच्या एका फौंड्रीतून ओतून आणलेलं. मी समोर राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मामा माझे कुणी लागत नाहीत. अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. गणपती झाले आणि त्यांच्या मुलानं एक दिवस सरळ सांगून टाकलं, "आबा, दिवाळीपतूर माल हलला तर हलला. न्हाईतर मी नॉनस्टिकची एजन्सी घेतो. मग ह्या दुकानात बीड ठेवणार न्हाई."

मुलगा वाईट नाही हो. दिवसदिवस गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, त्यानं तरी काय करायचं? पण त्या दिवशी मामांचं तोंड बघवत नव्हतं. मीच म्हटलं, मामा, आपण लाईव्ह करू. रविवारी सकाळी, दुकानातच शेगडी मांडून. तुम्ही धिरडी घाला, मी फोन धरते, लोक बघतील, ऑर्डरी येतील. इतकं सोपं होतं ते. माझ्या डोक्यात.

पहिल्या रविवारी लाईव्हवर वीस-पंचवीस जण आले. मी कॉमेंट वाचून दाखवायची, मामा उत्तर द्यायचे. कुरुंदवाडच्या एका बाईनं विचारलं, मामा, बारा इंची तवा कितीला? झालं! हे गृहस्थ किंमत सांगायची सोडून उलट विचारतात, "पावणं, जेवलासा काय? घरात माणसं किती? भांडी कोण घासतंय?" त्या बिचारीनं लिहिलं, बाई येते. "काथ्यानं घासती व्हय? मग घेऊ नगासा. वाटोळं करंल ती तव्याचं."

मी फोनच्या मागून डोळे वटारले, मान हलवली, शेवटी पायानं त्यांच्या पायाला ढोसलं. त्यावर मोठ्यानं म्हणतात, "वैनी, पाय का मारायलाईसा?" सगळ्यांनी ऐकलं. हसण्याच्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. ऑर्डर एक नाही.

आणि ती धिरडी! नवा तवा तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून चोळायचा, पीठ घालायचं आणि मग खरवडत बसायचं. बिडाचा नवा तवा असाच. सुरुवातीला धरून ठेवतो, मग तेल प्यायला की सोडायला लागतो. हे मलाही माहीत होतं. पण ते लोकांना दाखवायची काय गरज? मी म्हटलं, मामा, आधी चार-पाच धिरडी घालून तवा तयार करा, मग लाईव्ह सुरू करू. मामा माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काय मी दुधात पाणी घालायला सांगितलं.

"वैनी, घेणारीच्या घरी चिकटलं तर ती काय म्हणंल?"

"पण मामा, ती विकत घेईल तेव्हा ना!"

"व्हय की," म्हणाले, आणि पुन्हा नवाकोरा तवा शेगडीवर चढवला. असे चार रविवार गेले. मी पार वैतागले होते. दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली, आणि आमचा आपला रविवारचा धिरडं खरवडायचा कार्यक्रम चालूच.

मग मी केलं ते सांगते. माझ्या घरी मामांकडूनच लग्नात घेतलेला तवा आहे. बारा वर्षं वापरून आतून गुळगुळीत झालेला. पाचव्या रविवारी तो पिशवीतून नेला, आणि लाईव्ह सुरू करायच्या आधी मामा हात धुवायला मागे गेले तेव्हा शेगडीवरचा नवा तवा खाली ठेवून माझा चढवला. आले, पीठ पसरलं. धिरडं कडेनं सुटलं, उलथणं घातल्याबरोबर अख्खं वर आलं. जाळीदार, एकसारखं. मला एक, मला दोन, माझ्या बहिणीला पण. कॉमेंट इतक्या भराभर येत होत्या की मला वाचवेनात. माझं काळीज सुपाएवढं झालं.

मामांनी मात्र उलथण्याची कड तव्यावरून हळूच फिरवली. सांडशीनं तवा उचलला, तिरका करून बघितला.

"वैनी, ह्यो तुमचा तवा हाय."

मी मान हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी फोनकडं तोंड केलं. "पावणं, जरा थांबा. ह्यो तवा बारा वर्सं वापरल्याला हाय. तुमास्नी मिळंल त्यो असला न्हाय. तुमचा चिकटणार." आणि नवा तवा चढवून, धिरडं चिकटवून दाखवलं. संध्याकाळपर्यंत तीन सोडून सगळ्यांनी ऑर्डरी रद्द केल्या.

मला रडू आलं, रागानं. "मामा, दुकान जाणार तुमचं! कळतंय का तुम्हाला?"

"जाऊ दे की. पैलंच चिकटलं की ती तवा माळ्यावर टाकंल. दुकान ऱ्हाऊन मग काय उपेग?" आणि वर माझीच समजूत घातली, "तुमी चांगल्यासाठनंच केलासा." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उरलेले तीन तवे ते स्वतः एसटीनं पोचवून आले, आणि प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून धिरडं सुटेपर्यंत हलले नाहीत. मी विचारलं, कुरिअर कशाला असतं मग?

वसुबारसेला दुकानात नॉनस्टिकचा माल लागला. मुलानं त्याचंही लाईव्ह ठेवलं. म्हणाला, "आबा, लोक तुमास्नी वळखत्यात. एकदाच उभं ऱ्हावा." मुलासाठी मामा धुतलेला शर्ट घालून आले. फोन माझ्याच हातात होता.

तेल नाही, कांदा नाही. मामांनी पीठ घातलं. धिरडं आपोआप सुटलं आणि तवा कलता करताच ताटलीत घसरलं. बदाम, टाळ्या, वा मामा! त्यांनी दुसरं घातलं. तेही तसंच. उलथणं त्यांच्या हातात तसंच कोरडं.

"ह्यात माझं काय काम हाय?" त्यांनी विचारलं. फोनला नाही, मला.

त्यांनी गॅस बंद केला, उलथणं ताटलीशेजारी ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीतून निघून गेले. लाईव्ह चालूच होतं. एका बाईनं विचारलं, मामा कुठं गेले? मी अंगठ्यानं लिहिलं, आत्ता येतील.

ते त्या दुकानात परत कधीच आले नाहीत.