हिरवी चौकट

हे पलटणीतून निवृत्त झाल्यावर आम्ही चंदीगडातच राहिलो. मी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीत झाडणं-पुसणं करते. तिथे सगळे पडद्याकडे बघत असतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. म्हणून मला ते काम आवडतं.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचे वडील हवाईदलात आहेत. घर मराठी, पण ती मला 'मावशी' म्हणून पुढचं सगळं हिंदीत बोलते. तिने दोन मुलांबरोबर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र केलं होतं. ओळखीचा चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट, नाहीतर लाल. त्याला शिकवायला फोटो लागत. थंडीभर ती माझ्या मागे.

"मावशी, बस एक और."

"अगं, कालच काढलास ना?"

कॅमेरा दिसला की माझा पदर तोंडावर जातोच. तिने तसेच फोटो घेतले.

मे महिन्यात बाहेरचे परीक्षक आले. यंत्र चाललं नाही तर मुलगी नापास, मोहालीतली ठरलेली नोकरीही गेली. ती दोन मुलं समोर उभी राहिली. लाल. फोटोत दाढी आणि माकडटोपी, आज परीक्षा म्हणून गुळगुळीत गाल आणि टाय. मुलगीही चष्मा काढून आलेली. लाल.

"ये किसी को पहचानता भी है?" परीक्षकांनी विचारलं.

मी बादली घेऊन सटकणार, तेवढ्यात मुलीने हात धरून मला समोर उभं केलं. मी पदर तोंडावर घेतला. हिरवी.

"माताजी, चेहरा तो दिखाइए."

पदर खाली केला. लाल. वर घेतला. हिरवी. त्यांनी तीनदा करायला लावलं. माझे कान तापले.

"ऐसा क्यों?" त्यांनी मुलीला विचारलं.

मला वाटलं, ती दोष कॅमेऱ्यावर ढकलेल. पण ती म्हणाली, "सर, गलती हमारी है. जैसा दिखाया, वैसा सीखा."

"चलो, इतना तो समझी." त्यांनी आठ दिवस दिले. नीट शिकवा, मग पास.

रोज सकाळी मी पदर कमरेला खोचून तिच्यापुढे बसले. मुलं कधी टाय लावून, कधी मेच्या उन्हात माकडटोपी घालून घाम पुसत. आठव्या दिवशी सगळ्यांना हिरवी चौकट आली आणि ती पास झाली.

एका फोटोत मी हसले आहे, असं ती म्हणते. मी तर मुळीच हसले नव्हते.