पाहुण्याला दिलेली चावी

दादानं ट्रकची चावी कधी वहिनीच्या हातातसुद्धा दिली नाही, पण पाहुण्याला तो ती रोज द्यायचा. आणि त्याच पाहुण्यानं त्याचा केसानं गळा कापला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझं डोकं तापलं तर तुम्हाला कारण ठाऊक असेल.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं गाव सीमेवरचं. इकडून कापड आणि साबण पलीकडच्या देशात जातात, तिकडून लाकूड आणि फळं येतात. इथली रीत मात्र जगावेगळी. ट्रक पलीकडे जातो, ड्रायव्हर जात नाही. दोन देशांच्या दोन फाटकांमध्ये एक मोठं पटांगण आहे. आपला ड्रायव्हर तिथपर्यंत जातो, खाली उतरतो आणि पलीकडच्या ड्रायव्हरच्या हातात चावी ठेवतो. तो ट्रक आत नेऊन माल उतरवतो आणि संध्याकाळी रिकामा ट्रक परत आणून देतो. तिकडचे ट्रक आले की आपले ड्रायव्हर तेच करतात. जोड्या ठरलेल्या असतात आणि सगळा कारभार भरवशावर.

दादाच्या जोडीदाराला आम्ही सगळे पाहुणाच म्हणायचो. त्यानं आमच्या उंबऱ्यावर कधी पाय ठेवला नाही, तरी घरात कुणाला सर्दी झाली हेसुद्धा त्याला माहीत असायचं. माझ्या तापाच्या वेळी त्यानं दादाबरोबर मोसंबी पाठवली होती. मी ती मिटक्या मारत खाल्ली, हे आठवलं की आता अंगाचा तिळपापड होतो.

ट्रक दादाचा स्वतःचा होता, लालभडक. तो घेताना माझ्या लग्नासाठी केलेल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. मीच दिल्या, दादा नको नको म्हणत होता. जुनाच ट्रक तो, त्याची एक खोड होती. तिसरा गिअर अडकायचा. दांडा आधी गुडघ्याकडे ओढायचा आणि मग वर ढकलायचा, तरच पडायचा. ही युक्ती दादानं एकट्या पाहुण्याला शिकवली होती.

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. कुणी कुणाच्या मालावर किती कर लावायचा, यावरून रोज बातम्यांत तू-तू मैं-मैं. एके दिवशी सकाळी गावभर झालं की आज फाटक बंद होणार. बऱ्याच जणांनी ट्रक घराबाहेरच काढले नाहीत. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"अहो, आजच्या दिवस राहू द्या ना."

"आज चावी मागे ठेवली तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होईल," दादा म्हणाला आणि गेला.

पटांगणात पाहुणा हसत म्हणाला, "हा गेलो आणि हा आलो."

दुपारी फाटक बंद होण्याचा भोंगा वाजला. पलीकडे गेलेले ट्रक एकामागून एक परत आले, काही तर न उतरवलेल्या मालासकट. सगळे आले. एक दादाचा तेवढा आला नाही. शिपायांनी अक्षरशः ढकलून बाहेर काढेपर्यंत दादा पटांगणात उभा होता.

रात्री पाहुण्याचा फोन आला. हुंदके देऊन रडत होता. म्हणे वाटेत टायर फुटला, आणि तेवढ्यात ट्रक सरकारनं जप्त केला. आणि आमचा दादा? तोच उलट त्याची समजूत घालत होता! "रडू नकोस रे. तुझा काय दोष?"

मला राहवलं नाही. "सगळ्यांचे टायर शाबूत, ह्याचाच बरा नेमका फुटला!"

"तोंड सांभाळ," दादा म्हणाला. त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी गोदामात फाटकी पोती शिवते. फाटक बंद होतं तोवर दादाही तिथेच हमाली करायचा. लोक त्याला "या मालक" म्हणून चिडवायचे. तो हसायचा. मी दाभण पोत्यात खचकन खुपसायची.

शेवटी सरकारांची दिलजमाई झाली आणि फाटक उघडलं. तिकडून येणारे ट्रक आत आणायला दादाला रोजंदारीवर घेतलं. त्यानं हातापाया पडून जोडीला पाहुणाच मागून घेतला. पहिल्याच दिवशी पाहुणा निळा ट्रक घेऊन आला. त्यानं दादाला मिठी मारली, चावी दिली आणि घाईनं निघून गेला.

पुढचं मला दादानंच सांगितलं. फाटक ओलांडून त्यानं वेग वाढवला आणि तिसरा गिअर टाकताना हात आपोआप गुडघ्याकडे आला. गिअर पडला.

ट्रक गोदामाशी थांबला, पण दादा उतरेना. मी वर चढले. त्यानं दांडा गुडघ्याकडे ओढून दाखवला. मी दाभणानं दाराच्या कडेचा निळा रंग खरवडला. खाली आमचा लाल.

"आता सोडायचा नाही," मी ओरडले. "सरळ घरी ने!"

"ट्रकचे कागद बघितले मी. त्याच्या नावाचे करून घेतलेत त्यानं."

"चुलीत घाल ते कागद!"

"अगं, चोर मी ठरेन. आणि उद्यापासून आपल्या एकाही ड्रायव्हरच्या हातात कुणी चावी ठेवणार नाही."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. आपल्याच बांगड्यांचा ट्रक आपण रिकामा करून परत द्यायचा? मी नाही नाही ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि माल उतरल्यावर ट्रक सुरू केला.

संध्याकाळी मी पटांगणाच्या तारेशी जाऊन उभी राहिले. पाहुणा तारेजवळच वाट बघत होता. दादा उतरला, चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "तिसरा गिअर अजून अडकतो."

मला वाटलं, आता हा लाजेनं मेल्यासारखा होईल. पाय धरेल, निदान मान तरी खाली घालेल. पाहुण्यानं चावी मुठीत घेतली.

"हो," तो म्हणाला, "पण आता सवय झालीय." आणि वर चढून निघून गेला.

दादाचा हात अजून तसाच पुढे होता. मी तारेतून हाक मारली, "दादा, घरी चल." कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं माझं ऐकलं.