मावसाजी आणि गेलेला काळ

गेलेल्या काळात जाऊन येणारी माणसं जगात असतीलच, तर ती सगळी मिळूनही आमच्या मावसाजींइतक्यांदा गेली नसतील. म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अकोल्यात ते कोथिंबीर आणायला निघतात आणि वाटेत त्यांचा काळ घसरतो. दुसरा कोणी घसरला तर निदान राजेरजवाड्यांत तरी पडेल. मावसाजी पडतात ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अकोल्यात, तेही बहुधा चहाच्या टपरीपुढे. घरी मी चहा पुढे केला की कप सारून म्हणतात, "आत्ताच घेऊन आलो, टॉकीजपाशी." टॉकीज पाडून तिथे मोबाईलची दुकानं झाली, असं मी सांगतो. "असतीन. मी चाहा पेलो," ते म्हणतात. एकदा ऐन हिवाळ्यात गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले. तिकडे पाऊस होता म्हणे. त्याच दिवशी गल्लीतली नळाची पाइपलाइन फुटली होती, पण हा पुरावा त्यांनी साफ फेटाळला.

हे सगळं मावशी गेल्यानंतर सुरू झालं. मूलबाळ नाही. मी अमरावतीहून अधूनमधून जातो, एरवी घरात बोलतो तो टीव्ही. त्या जुन्या अकोल्यात त्यांना चहा भेटला, चिखल भेटला, मावशी मात्र भेटली नाही. घराच्या वळणावर येईपर्यंत ते परत आजमध्ये आलेले असत. "एकडाव घरापावतर पोचू दे," असं ते देवाला म्हणत.

परवा गेलो तर मावसाजी रागात. "पोचलो," म्हणाले. "फाटकात उभी होती, हिरव्या लुगड्यात. अन् मले पाहून पदर घेतला रे तिनं डोक्यावर!" आमच्याकडे बाई असा पदर घेते तो वडीलधाऱ्या, परक्या माणसापुढे. त्या तरण्या मावशीने त्यांना बाजेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा बाबाजी. थे वावरात गेले, येतीनच आत्ता." यांनी पाणी पिऊन तांब्या ठेवला, तोवर सगळं नाहीसं झालं. "नवरा मी तिचा! काहून नाई ओयखलं?" चष्मा पुसता पुसता त्यांचा राग विरून गेला.

मग त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला. केस काळेकुट्ट, कपाळावर रंगाचा ओघळ. "सांग बरं, आता ओयखीन का तुही मावशी मले?"

"ओयखीन नं, मावसाजी," मी म्हटलं. कानांमागे पांढरं राहिलं होतं. मी रंगाचा ब्रश घेतला आणि त्यांची मान हलकेच खाली वाकवली.