हाताशी आलेली नावं

कुठलाही नकाशा पुरा झाला की आमचे ड्राफ्ट्समन तो कागद फरशीवर अंथरायचे, शेजारी उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "बघणारा कुठून बघणार हाय?" साध्या गोष्टीचा असा खल करणारा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमच्याकडे ते होते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. बांधकामाच्या नव्या कचेरीत टेबलं कमी, माणसं जास्त. मी कारकून, ते हदगावकडचे. एकाच टेबलाला आम्ही समोरासमोर बसायचो. शाळेच्या खिडकीचा नकाशा करायचा तरी पहिलीतली पोरं किती उंच असतात ते मोजून यायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे आणि पुन्हा मोजायला जायचे.

एकदा उदगीरकडच्या एका गावात, निजामाविरुद्धच्या लढ्यात गेलेल्या सात जणांचं स्मारक करायचं ठरलं. समितीला तीस फुटी स्तंभ हवा होता. वर मशाल, तुटलेली साखळी आणि शेंड्याजवळ सोनेरी नावं. "रस्त्यावरून दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. ड्राफ्ट्समननी मुकाट्यानं तसं काढून दिलं, पण त्या दिवशी डबा उघडला नाही.

"माझ्या मायनं दुष्काळात हदगावच्या रस्त्यावर खडी फोडली," ते मला म्हणाले. "त्या रस्त्यानं यष्टी निघाली की ती खिडकीतून बोट दाखवायची, हे माझं काम हाय म्हणून. माणसाला दाखवायला काहीतरी लागतंय."

जागा आखायला आम्ही साहेबांबरोबर गेलो. त्याही साली पाऊस दगा देऊन गेलेला. टँकरपुढं घागरींची रांग होती. त्या रांगेतल्या एका बाईला ड्राफ्ट्समननी बोलावून आणलं. सातांपैकी एकाची ती बायको. तो गेला तेव्हा पोर पोटात होतं. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

उंचीचा अंदाज यावा म्हणून साहेबांनी बांबू उभा करवला होता.

"माझ्या मालकाचं नाव कुठं येणार?" तिनं विचारलं.

ड्राफ्ट्समननी बांबूच्या टोकाकडं बोट केलं.

ती बराच वेळ वर बघत राहिली. "लई उंच हाय," ती म्हणाली. "मला हात कसा पुरंल?"

 परतल्यावर जीपमधून उतरताना साहेब म्हणाले, "नवा नकाशा काढा. समितीचं मी बघतो."

स्तंभाची उंची निम्मी झाली. मशाल समितीनं सोडली नाही, ती वर राहिली. खाली चहूबाजूंनी दगडी ओटा आला, आणि ओट्यावर बसलेल्याच्या खांद्याशी सात नावं, बोट शिरेल इतकी खोल कोरलेली.

उद्घाटनाच्या कोनशिलेवर साहेबांपासून समितीपर्यंत सगळ्यांची नावं होती, ड्राफ्ट्समनचं नव्हतं. "वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं की. न्हाई कसं? पण येत्या रविवारी मायला आणून दाखवणार हाय."

आणलंही त्यांनी तिला.

निवृत्तीनंतर ते हदगावला गेले आणि तिथंच वारले. मला फार उशिरा कळलं. कळल्यावर का कोण जाणे, मी त्या गावी गेलो. ओट्यावर माणसं एसटीची वाट बघत बसली होती. तीच बाई, आता पुरती वाकलेली, एका नव्या नवरीला हाताला धरून घेऊन आली. तिला बसवलं, तिचा हिरव्या चुड्याचा हात दगडातल्या एका नावावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुझे आजेसासरे. पाया पड."