भांगाच्या दिवशीचा पूर्ण चंद्र

या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला "काय एकेक नग आहेत!" म्हणत हसून दाखवायचो, हे आधीच सांगून टाकतो. उतारे, लिंबं, पौर्णिमा-अमावस्या... माझा कशावरही विश्वास नव्हता. चंद्र माझ्यासाठी फक्त एक भागाकार होता. आज मीच लिहायला बसलोय.

आम्ही महाडचे. बाजारपेठेच्या मागे, सावित्रीच्या अंगाला आमची आळी आहे. सगळी बैठी घरं, वर पोटमाळे. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. नदी फुगली की महाडकर पहिला प्रश्न विचारतो – भरती कशी आहे? कारण समुद्राची भरती खाडीतून वर येते आणि पुराचं पाणी अडवून धरते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे किरकोळ. उधाण असेल तर सामान माळ्यावर चढतं, भांग असेल तर चहा चढतो. हा हिशोब आमच्या हाडात आहे.

म्हणूनच मी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली होती. एका जुन्या अमावस्येपासून आजपर्यंतचे दिवस मोजायचे, चांद्रमासाने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून चंद्र किती भरलाय ते काढायचं. मग काळ्या स्क्रीनवर अक्षरांनी रेखलेला चंद्र दिसायचा आणि त्याखाली 'उधाण' किंवा 'भांग'. पाऊस लागला की त्याचा फोटो काढून आळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचो. आळीत माझं नाव 'चांदवाला' पडलं होतं. समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या शेवंताकाकी दारातूनच ओरडायच्या, "बाबू, आज चांद केवढा रे?" त्यांचा मुलगा मुंबईला. माझा फोटो आल्याशिवाय त्या माळ्यावर साधं पातेलं ठेवायच्या नाहीत.

त्या दिवशी अष्टमी होती. घाटावर आणि पोलादपूरकडे पाऊस कोसळत होता, सकाळीच आळीच्या तोंडाशी पाणी आलं होतं, वीज गेलेली. पण भांग होता, म्हणून मी निवांत होतो. खरं सांगायचं तर निवांत असल्याचं सोंग करत होतो. कारण आत आबा, माझे वडील, कॉटवर होते. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन ताजं. "अजिबात हलवू नका," असं डॉक्टरांनी बजावलेलं. माळ्यावर जायला उभी शिडी. पाणी घरात शिरलं तर आबांना कुठे नेणार?

ग्रुपसाठी म्हणून लॅपटॉप उघडला. बॅटरी होती. स्क्रिप्ट चालवली.

पूर्ण चंद्र. काठोकाठ भरलेला. खाली – उधाण.

मी तारीख तपासली. बरोबर. पुन्हा चालवली, पुन्हा पूर्ण. भिंतीवरच्या कॅलेंडरात अष्टमीच. कोड ओळ न् ओळ वाचला, कुणी हात लावला नव्हता. शेवटी बायकोला हाक मारली, "वैशू, तुला काय दिसतंय?"

ती म्हणाली, "पौर्णिमा. पण आज कशी असेल?"

तेवढ्यात सलीमभाईंचा टेम्पो दाराशी आला. शेजारच्या आळीतले ट्रान्सपोर्टवाले, पाण्यातून लोकांना बाहेर काढत होते. टायर निम्मे पाण्यात. "आता फार तर एक-दोन फेऱ्या होतील. आबांना नेतोस की नाय?"

काय करायचं? कॅलेंडर सांगत होतं थांब, स्क्रीन सांगत होती पळ. आबा कॉटची पट्टी धरून म्हणत होते, "नको रे, नको हलवू, पाया पडतो तुझ्या." बापाने असं म्हणावं... मी मनातल्या मनात कुणाकुणाला हाका मारल्या, मलाच ठाऊक. पण तो चंद्र डोळ्यासमोरून हलेना. मी स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला, टाइप करायला वेळच नव्हता, आणि गादीसकट आबांना उचललं. त्यांची ती किंकाळी अजून कानात आहे.

टेम्पोत त्यांना आडवं केल्यावर जागाच उरली नाही. बायको कडेला लटकली. काकी दारात उभ्या होत्या, हातात फोन.

मी ओरडलो, "काकी, निघा! भाई परत येतायत!"

त्यांनी हात हलवला. "बघितला रे तुझा चांद! तू जा, आबांना ने!"

मला वाटलं, समजलं त्यांना.

हायवेच्या वरच्या अंगाला बहिणीचं घर, तिथे आबांना उतरवलं. सलीमभाई तसेच परत फिरले आणि थोड्याच वेळात चिंब होऊन आले. रस्ताच उरला नव्हता. भरती नव्हतीच. सगळं पाणी वरून, डोंगरातून आलं आणि आमच्या आळीचे पोटमाळेसुद्धा बुडाले. बाकीचे कौलांवर चढून वाचले. पाणी ओसरल्यावर शेवंताकाकी घरातच सापडल्या.

नेटवर्क आलं तेव्हा फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज पडला. आम्ही निघाल्यानंतर लगेचच पाठवलेला.

"बाबू, अरे अर्धाच हाय की चांद! भांग लिवलंस ना तू? मंग कशाला भ्यायचं? मी हितंच हाय. चहा टाकलाय. तू आबांना जप."

मी ग्रुपवरचा माझाच फोटो उघडला. अर्धा चंद्र. खाली – भांग.

वैशू शेजारी बसून बघत होती. ती रडायला लागली. आम्ही दोघांनी पूर्ण चंद्र पाहिला होता, शपथेवर सांगतो. लॅपटॉप मी घाईत बरोबर घेतला होता. त्यावर त्या दिवसाची तारीख घालून स्क्रिप्ट कितीतरी वेळा चालवली. दर वेळी अर्धाच चंद्र येतो, आणि तोच यायला हवा.

आबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. ते दिसले की बरं वाटतं, आणि लगेच समोरचं बंद दार दिसतं. ज्याने कुणी तो चंद्र मला दाखवला, त्याने काकींना का नाही दाखवला? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. मी आता हसणार नाही.