आबाकाकांच्या मोरचेलातलं माझं पीस

मी आबाकाकांशी चार वर्षं खोटं बोललो.

आज सकाळी ते गेले.

आबाकाका म्हणजे धारचे माझे सख्खे काका. सायकल रिपेअरिंगचं दुकान. मूलबाळ नाही, पण आमच्या आडनावाची सगळी काळजी त्यांनाच.

आमचं आडनाव मोरचेले. ही पोस्ट वाचणाऱ्या कित्येक मित्रांना हे आज पहिल्यांदाच कळत असेल. पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले. दरबारात राजाच्या मागे उभं राहून मोरचेल, म्हणजे मोरपिसांचा कुंचा, ढाळायचं काम होतं.

काका म्हणायचे, "सातच घरं उरली रे आपली. चार धारला, दोन देवासला, एक लोहारद्याला. आठवं कुठे भेटलं तर सांग, मी सायकलवर जाईन."

दसऱ्याला प्रत्येक घरानं एक मोरपीस धारला पाठवायचं. काका जुनी पिसं सोडवून नवी बांधायचे, पूजा करायचे. हीच आमची जनगणना.

चार वर्षांपूर्वी मुलाच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर आडनावाच्या जागी मी 'राव' लिहिलं.

मग माझंही बदललं. ॲफिडेव्हिट, आधार, सगळं. "ये कौन-सी जात हुई भिया?" याला उत्तरं देऊन वैतागलो होतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे लाज वाटायची.

काकांना मात्र काहीच सांगितलं नाही. आणि त्यानंतर पीस पाठवायला हात धजेना.

दसरा जवळ आला की त्यांचा फोन. "मिलिंद, तुझं पीस नाही आलं अजून?"

"काका, परसोंच कुरियर केलंय. येईलच."

दोन दिवसांनी परत फोन. "मिळालं रे. चांगलं लांब आहे."

म्हातारं माणूस, गोंधळ होत असेल, असं म्हणून मी सुटायचो. चारही वर्षं.

आज धारला पोचलो तर काकूनं मोरचेल त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. प्रत्येक पिसाच्या देठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एकीवर काकांचं अक्षर. 'मिलिंद मोरचेले, देवास.'

काकू म्हणाली, "मांडूच्या रस्त्याला जायचे, शेतांतून हुडकायचे. म्हणायचे, पोराला टाइम कुठे मिळतो."

मला तिच्याकडे बघवेना.

अग्नी मीच दिला. नंतर मुक्तिधामच्या, म्हणजे स्मशानाच्या, रजिस्टरात अग्नी देणाऱ्याचं नाव सांगायची वेळ आली. मी म्हणालो, "मिलिंद मोरचेले."

तिथल्या माणसानं आधार मागितलं. बघितलं. "इसमें तो राव है भिया. जो कार्ड में है, वही लिखना पड़ेगा."

त्यानं राव लिहिलं. मी खाली सही केली.

काका, या दसऱ्याला पीस मी स्वतः हुडकून आणतो.

चिठ्ठीवर काय लिहू, हे विचारायला तुम्ही नाही.

माफ करा. तुमच्या मिलिंदचा शेवटचा नमस्कार.