टाकेबाईंचा पांढरा पत्रा

शाळेत त्यांना सगळे शिवणाच्या बाई म्हणत. मुलं पाठीमागे ‘टाकेबाई’ म्हणायची, आणि ते बाईंना ठाऊक होतं. एकवीस वर्षं त्यांनी काज-बटण, तुरपाई आणि उशीचे अभ्रे शिकवले. मग एका वर्षी शिवणाचा तासच वेळापत्रकातून उडाला आणि त्याच महिन्यात विज्ञानाच्या सरांची बदली झाली. मुख्याध्यापकांनी दोन्ही अडचणी एका दमात निकालात काढल्या.

“सहावीचं विज्ञान तुम्ही घ्या बाई. नवे सर येईपर्यंत. पुस्तक वाचून दाखवलंत तरी चालेल.”

दहावीला बाई विज्ञानात काठावर पास झाल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी इंजिनिअर असलेल्या थोरल्या भावाला फोन केला, तर तो हसतच सुटला. “तू आणि विज्ञान? अगं, फ्यूज उडाला की दादा-दादा करत धावत यायचीस तू!”

बाई फणकाऱ्याने म्हणाल्या, “हसून झालं असेल तर ठेवते,” आणि त्यांनी फोन ठेवला.

पहिला आठवडा त्यांनी खरंच वाचून दाखवलं. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा पत्रा. दुपारी बाकांना हात लावला तरी चटका बसायचा. धडा नेमका उष्णतेचा होता आणि निम्मा वर्ग पेंगत होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका किडकिडीत मुलीने हात वर केला. अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला काडी म्हणत. वर्षभरात ती क्वचितच बोलली असेल.

“बाई, खालच्या वर्गात एवढं उकडत नाही. आपल्याच वर्गात का?”

“पत्र्यामुळे,” कुणीतरी म्हणालं.

“मग पत्र्याचं काय केलं तर कमी होईल?”

बाईंनी पुस्तक चाळलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी ते मिटलं आणि म्हणाल्या, “मला नाही माहीत. करून बघू या.”

कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी आधी छोटे वर्ग बेतले. मुलांनी बुटांची पाच रिकामी खोकी आणली, त्यांवर जुन्या डब्यांचे पत्रे बसवले. एक पत्रा उघडा, एक काळा रंगवलेला, एक पांढरा, एकावर ओलं पोतं, एकावर पुठ्ठ्याचे दोन थर. प्रत्येक खोक्याला भोक पाडून आत थर्मामीटर. काळा रंग म्हणजे दाट सावली, असं निम्म्या वर्गाचं ठाम मत होतं. त्यावरून दोन दिवस कडाक्याची भांडणं झाली. पेंगणारं कुणी राहिलं नाही.

उत्साहाच्या भरात बाईंनी पहिल्याच मोजणीला मुख्याध्यापकांना बोलावलं. खोकी मैदानात उन्हात ठेवली होती. तासाभराने आकडे वाचले. उघडा पत्रा एक्केचाळीस. काळा बेचाळीस. आणि पांढरा त्रेचाळीस!

पांढऱ्या गटाची तोंडं पांढरी पडली. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, खेळ छान आहे. पण परीक्षा पुस्तकावर असते. सोमवारपासून धडे पुढे न्या.”

बाईंचे डोळे भरून आले होते. वर्गात परतल्यावर त्यांनी खोकी टेबलावर मांडली.

“शिवण चुकली तर मी काय सांगायचे?”

“उसवायचं,” मागच्या वर्षी त्यांच्याकडे शिवण शिकलेल्या दोघी म्हणाल्या.

“मग उसवा. कुठे चुकलं ते सापडेपर्यंत.”

मुलांनी सगळं सुटं केलं. रंग तपासला, भोकं तपासली, खोक्यांची मापं पुन्हा घेतली. सगळं जागच्या जागी. शेवटी काडी पुढे आली. तिने पाण्याचा एक मोठा ग्लास घेतला आणि पाचही थर्मामीटर त्यात एकत्र उभे केले. पाच मिनिटांनी चार थर्मामीटर सत्तावीस दाखवत होते. पाचवा, पांढऱ्या खोक्यातला, पस्तीस!

“हा थापा मारतोय!” काडी ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

सगळा वर्ग बाकांवर चढून नाचला. बाईंनी दार लावून घेतलं आणि त्यांना नाचू दिलं.

नवा थर्मामीटर आणून त्यांनी तीन दिवस पुन्हा मोजलं. ओलं पोतं सगळ्यांत थंड, पण दर अर्ध्या तासाला पाणी मागायचं. त्याच्या खालोखाल पांढरा पत्रा, उघड्यापेक्षा सहा अंशांनी कमी, आणि त्याला कुणी पाणी पाजायला नको. बाई आकड्यांची वही घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“सर, सोमवार टळलाय, कबूल. एकाच वर्गाचा पत्रा रंगवून द्या. शेजारचा तसाच ठेवा. खोटं ठरलं तर दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक वाचते.”

मुख्याध्यापकांनी वही दोनदा वाचली. मग रंगाऱ्याला निरोप धाडला.

रंग वाळल्यावर दुसऱ्याच दुपारी दोन्ही वर्गांत मोजलं. शेजारी अडतीस, सहावीत तेहतीस. शेजारच्या वर्गाने ‘आमचं काय पाप?’ म्हणून असा गिल्ला केला, की महिन्याभरात वरचे आठही वर्ग पांढरे झाले. मुख्याध्यापक आपली फायलींची पिशवी उचलून सहावीच्या मागच्या बाकावर कामाला येऊन बसू लागले.

थोरला भाऊ मुद्दाम बघायला आला. काडीने त्याला ग्लासाची गोष्ट सविस्तर सांगितली. तो बहिणीला म्हणाला, “मोजायचं साधन आधी तपासायला मी नोकरीत चार वर्षांनी शिकलो गं.” या वेळी तो हसत नव्हता.

वर्षअखेरीला तपासणीचे अधिकारी आले. मुलांनी त्यांना खुर्चीवर बसूच दिलं नाही. खोक्यांभोवती फिरवत ठेवलं. जाताना त्यांनी विचारलं, “बाई, तुमचं विज्ञानाचं शिक्षण कुठे झालं?”

“याच वर्गात,” बाई म्हणाल्या. “या वर्षी.”

नवे विज्ञानाचे सर जूनमध्ये आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना सातवी दिली. सहावी बाईंकडेच राहिली. दिवाळीच्या सुट्टीत त्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून चौदा शाळांचे शिक्षक बाईंकडे दोन दिवस शिकायला आले. बाईंनी भाषण केलं नाही. प्रत्येकापुढे एक खोकं, एक कात्री आणि एक थर्मामीटर ठेवला आणि म्हणाल्या, “करा सुरू.”